एक धनुष्य, दोन माणसं

पुरेवचं धनुष्य वसंतात गेलं. चोरीला नव्हे, माणूस जातो तसं गेलं. बर्फ वितळायच्या दिवसांत त्याच्या गेरच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, छपराला कुठंतरी बारीक भोक पडलं आणि आठ दिवस थेंब थेंब पाणी नेमकं टांगलेल्या धनुष्यावर पडत राहिलं. माशाचा सरस भिजला, शिंगाची पट्टी लाकडापासून सुटली, आणि पुरेव दोरी चढवायला गेला तेव्हा आजोबांच्या हातचं ते धनुष्य दोन ठिकाणी उकललं. त्यानंतर तीन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. त्याची बायको दुल्मा म्हणायची की लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातले हे तीन दिवस फार शांत गेले.

पुरेव बावन्न वर्षांचा, अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा शहरात ट्रक चालवायचा. घरात दोघंच. दुल्मा सहकारी संस्थेच्या अठरा घोड्या सांभाळायची. उन्हाळ्यात दर दोन तासांनी त्यांचं दूध काढायचं. पुरेव मेंढ्या बघायचा, ऑगस्टात जत्रेत तिरंदाजीला उभा राहायचा आणि मागाहून शिकारीला जायचा. संस्थेनं त्याला बंदूक देऊ केली होती. ती त्यानं नाकारली. त्याचं म्हणणं, बंदुकीचा एक बार काढला की खोऱ्यातली प्रत्येक तरवगा अर्धा दिवस बिळात बसते. बाणानं एक पडली तरी शेजारीण तशीच उभी असते, हिला काय झालं म्हणून बघत. शिवाय बोथट टोकाच्या बाणानं कातडं फाटत नाही. तरवगा म्हणजे आमच्याकडची बिळात राहणारी जाडी खार, मांजरापेक्षा मोठी आणि शेजाऱ्यांइतकीच चौकस.

तर धनुष्य हवं होतं, आणि एकच हवं होतं, जत्रेलाही चालेल आणि शिकारीलाही. दोन घ्यायची ऐपत नव्हती. जून सरता सरता पुरेवनं दोन वर्षांची बदामी शिंगरी बरोबर घेतली आणि दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या दाम्दिन कारागिराकडे निघायचं ठरवलं. दुल्मानं घोड्या चार दिवसांसाठी शेजारणीवर सोपवल्या आणि आपणही येते म्हणाली. वाटेत बहिणीला भेटेन, असं कारण तिनं दिलं. बहिणीचा गेर भलत्याच दिशेला होता हे पुरेवला ठाऊक होतं, तरी त्यानं तिच्याही घोड्यावर खोगीर चढवलं. खरं म्हणजे वीस वर्षांत दुल्मा विहिरीपलीकडे कुठं गेलीच नव्हती, आणि त्या सकाळी देलचा, त्या लांब अंगरख्याचा, पट्टा तिनं उगाचच दोनदा सोडून पुन्हा बांधला.

दाम्दिनचा गेर नदीकाठी होता. दुरूनच पुरेवनं रीतीप्रमाणे कुत्री धरा म्हणून हाक घातली, कुत्री कुणी धरली नाहीत, आणि दोघं तशीच घोडी अंगणात घालून उतरली. दाम्दिन सत्तरी उलटलेला, वाळका, बोटं सरसानं पिवळी पडलेली. त्याची बायको बुदखांद त्याच्या दुप्पट आणि सगळा कारभार तिच्या हातात. तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण झाली, हवापाणी, गवत, गुरं सगळ्यांची चौकशी झाली, मग पुरेवनं आपली मागणी सांगितली.

"दोन्ही कामांना एकच?" दाम्दिन म्हणाला.

"एकच, काका."

"मग आधी चहा घे. भरल्या पोटी माणूस जरा कमी खोटं बोलतो."

चहा पिता पिता म्हाताऱ्यानं त्याला समजावलं. शिकारीचं धनुष्य आखूड नि ताठ असतं. घोड्यावरून झटकन वळवायचं, एकच बाण सोडायचा, लागला तर लागला. जत्रेचं लांब नि मऊ असतं. चाळीस बाण सारखेच सुटले पाहिजेत. दोन्हीचं काम एकाकडून करून घ्यायचं असेल तर धनुष्याकडे बघून उपयोग नाही, स्वतःच्या हातांकडे बघावं लागतं. पुरेवनं मान डोलावली आणि आपल्या हातांकडे मोठ्या कौतुकानं बघितलं.

दाम्दिननं तीन धनुष्यं आणली. एक काळं, जाड, भूर्जाच्या सालीत घट्ट गुंडाळलेलं. एक लांब पिवळं. तिसरं मधल्या मापाचं, तपकिरी; ते त्यानं जरा मागंच ठेवलं. दोरी नसताना तिन्ही उलटी वळलेली होती, रागानं पाठ फिरवून बसलेल्या माणसांसारखी. एकेक चुलीच्या उबेला धरून, गुडघ्याखाली दाबून त्यानं दोऱ्या चढवल्या तेव्हा ती सरळ वळणावर आली.

त्याची परीक्षा साधी होती. गिऱ्हाइकानं धनुष्य पूर्ण ताणायचं आणि दाम्दिनचा चहाचा वाडगा संपेपर्यंत तसंच धरायचं. हात थरथरला तर ते धनुष्य त्याचं नाही. रिकामी दोरी हातून निसटली तर कांब फुटते, म्हणून बाण लावलेलाच हवा. पुरेवनं अर्थातच काळं उचललं, आणि भात्यातला धारदार बाण निवडला.

सगळे बाहेर आले. पुरेवनं पाय रोवले, अंगठ्यावर कातडं चढवलं आणि खेचलं. दोरी हनुवटीपर्यंत आली. दाम्दिननं पहिला घोट घेतला. गरम होता, म्हणून फुंकर घातली. दुल्मा नवऱ्याच्या कानाकडे बघत होती. कान आधी गुलाबी झाला, मग लाल, मग जांभळा. अठ्ठावीस वर्षांत तिनं तो कान असा तीनदाच पाहिला होता आणि तिन्ही वेळा काहीतरी मोडलं होतं. दाम्दिननं दुसरी फुंकर घातली. पुरेवचे खांदे हलायला लागले, गुडघे हलायला लागले, तो हळूहळू गोल फिरायला लागला, आणि माझं झालंय काका असं काहीसं पुटपुटत असतानाच दोरी अंगठ्यावरून सुटली. बाण गेरच्या उघड्या दारातून आत गेला. आतून पाण्याचा नळ फुटावा तसा आवाज आला.

दाराशेजारी आइरागची पिशवी टांगलेली होती. घोडीचं दूध त्यात आंबवतात, तेच आइराग, जरा चढणारं. ही एका अख्ख्या गाईच्या कातड्याची होती आणि दोन दिवसांनी पुतण्याच्या लग्नासाठी काठोकाठ भरलेली. मंडळी आत धावली तेव्हा बाण पिशवीतून आरपार गेलेला होता, दोन्ही अंगांनी पांढऱ्या धारा उडत होत्या, आणि बुदखांद दोन्ही भोकांत दोन अंगठे घालून पिशवीला मिठी मारून उभी होती.

"बघत काय उभे आहात," ती म्हणाली. "भांडी आणा."

भांडी आणली. किटली भरली, हंडा भरला, कपडे धुवायचं घमेलं घासून भरलं, दाम्दिनचं सरसाचं पातेलं मात्र तिनं भरू दिलं नाही. तरीही पिशवीत बरंच उरलं होतं. पिशवी रिकामी झाल्याशिवाय तिला ठिगळ लागणार नव्हतं आणि बुदखांद जन्मभर अंगठे घालून उभी राहणार नव्हती. मग एकच उपाय उरला. पुरेव शरमेनं पहिला वाडगा घटाघट प्यायला. दुसरा दाम्दिननं त्याला शिक्षा म्हणून दिला. तिसरा दुल्मानं घेतला, कारण थेंब जमिनीवर सांडणं बरं नव्हे. बुदखांदला तर हात मोकळे नव्हते, तिला दुल्मानं पाजलं. नवव्या की दहाव्या वाडग्याला पिशवी रोडावली, बुदखांदनं अंगठे काढले, त्यांच्याकडे बघितलं, आणि एकदम हसत सुटली. पांढरेफटक, सुरकुतलेले, नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या नाकासारखे अंगठे. ती हसली म्हणून दुल्मा हसली. दुल्मा हसताना पाहून पुरेवला हायसं वाटलं आणि तोही हसला, आणि मग दाम्दिनला तर उचकीच लागली.

त्या उचक्या देतच म्हाताऱ्यानं तिसरं, तपकिरी धनुष्य उचललं आणि भलत्याच माणसापुढे धरलं. दुल्मापुढे.

ती दोन पावलं मागं सरली. आमच्या घरात बाई धनुष्याला हात लावत नाही, असं तिनं सांगितलं. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"तुमच्या घरात ना," बुदखांद ठिगळ शिवत म्हणाली. "हे माझं घर आहे."

दुल्मानं पुरेवकडे बघितलं. तो पाचवा की सहावा वाडगा हातात धरून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की बोलणी खायची पाळी आता दुसऱ्या कुणाची आहे. तिनं धनुष्य घेतलं. ते हातात अलगद बसलं. दाम्दिननं किटली-वाडग्यासकट सगळ्यांना बाहेर आणलं, तिच्या अंगठ्याला कातडं बांधलं, बाण लावून दिला आणि दोरी कशी धरायची ते दाखवलं. तिनं खेचलं.

काही विशेष झालं नाही, म्हणजे तिला तरी तसंच वाटलं. अठरा घोड्या, दिवसातून सहा वेळा. हात त्याहून जड कामं रोज करत होते. दाम्दिननं वाडगा तोंडाला लावला. सावकाश प्यायला. मिश्या पुसल्या. उचकी दिली. मग किटली ओढून दुसरा वाडगा भरायला लागला.

"सोडू का काका," दुल्मानं विचारलं, "की तुम्ही जेवूनही घेणार आहात?"

पहिला बाण आभाळात गेला आणि बराच वेळ परतलाच नाही. चौघंही वर बघत डोक्यावर हात धरून उभी होती. दुसरा नदीत. नदीकडून परत येताना दुल्मा पळत आली, आणि आपण पळतोय हे तिला अर्ध्या वाटेत कळलं. तिसरा बाण दाम्दिननं साठ पावलांवर मांडलेल्या कातडी डब्यांच्या रांगेत घुसला. दोन डबे टुणकन उडाले. त्या क्षणी तिच्या छातीत काहीतरी असं उसळलं की तिला वाटलं, आता आपण एकतर रडू किंवा घोड्यासारखं खिंकाळू. ती खिंकाळली नाही. एवढंच म्हणाली, "आणखी एक."

आणखी एक करता करता ऊन कललं. ती प्रत्येक बाण आणायला पळत होती, देलच्या बाह्या वर सारलेल्या, केस सुटलेले. पुरेव बघत होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी घोडदौडीत एका पोरीनं त्याला मागं टाकलं होतं आणि वळून जीभ दाखवली होती. ती पोरगी ही, हे मधल्या काळात कसं कोण जाणे त्याच्या ध्यानातून गेलं होतं. पण त्यानं तोंडानं म्हटलं ते निराळंच. धनुष्य बायकी आहे म्हणाला. लांडगाबिंडगा समोर आला तर काय करायचं, त्याला गोंजारायचं?

"पुरेव," दाम्दिन म्हणाला, "धनुष्य निवडायचं ते पहिल्या बाणासाठी नाही. चाळिसाव्यासाठी निवडायचं. काळ्याचा पहिला बाण कुठं गेला ते बघितलंस ना?"

बुदखांदनं ठिगळाचा दोरा दातानं तोडला आणि पुरेवकडे नुसतं बघितलं. पुरेवनं तपकिरी धनुष्य घेतलं. खेचलं. दाम्दिननं वाडगा उचलला, संपवला. पुरेवचा कान होता त्याच रंगाचा राहिला. त्यानं बाण सोडला आणि एक डबा उडाला. दुसरा सोडला, आणखी एक उडाला. हे जत्रेलाही चालेल हे उघड होतं, आणि फार लांब नसल्यामुळे घोड्यावरही. दाम्दिननं मग कबूल केलं की हे त्याच्या हातून चुकून झालेलं काम. रानबोकडाची शिंगं पातळ निघाली, मधल्या मापाचं करावं लागलं, आणि दोन वर्षं कुणी घेतलं नाही कारण प्रत्येक पुरुषाला आधी काळं हवं असतं.

शिंगरी देऊन धनुष्य घेतलं, आणि लग्नाच्या आइरागचं काय करायचं ते बुदखांदनं तिथल्या तिथं ठरवलं. पुतण्याच्या घरी निरोप गेला की लग्नाला येणाऱ्यांनी आपापलं घेऊन यावं.

परतीच्या वाटेवर दोघं गात होती. धनुष्य आळीपाळीनं पाठीला. "दुपारपर्यंत माझ्याकडे," दुल्मा म्हणायची. दुपार कधी होते यावर वाद व्हायचा. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी घोडी थांबवून वाळक्या शेणाचा ढिगारा लक्ष्य म्हणून मांडला आणि अंधार पडायला आला तेव्हा लक्षात आलं की आपण घरी निघालो होतो.

पुढचे पाच आठवडे घोड्यांच्या दोन दुधांच्या मधल्या वेळात दुल्मा नेम धरायची. हातावर दोरीचे काळेनिळे वळ उठले. ते ती शेजारणींना दागिने दाखवावेत तसे दाखवायची. पुरेव शिकवायला बसला. आठवडाभर त्यानं शिकवलं, दुसऱ्या आठवड्यात ती त्याच्या पुढं गेली, मग अर्धा दिवस तो मेंढ्यांकडे जाऊन बसला. संध्याकाळी परतला तो तीन शेजारी घेऊनच. आमच्या माणसाचा नेम बघा, असं त्यांना सांगत आला होता.

ऑगस्टात जत्रा भरली. तिरंदाजीचा पंच लुव्सान हा काटेकोर गृहस्थ. नवरा-बायको दोघं एकच धनुष्य घेऊन आलेली पाहून त्यानं भुवया चढवल्या. प्रत्येक स्पर्धकाचं साधन स्वतःचं असावं, असं तो म्हणाला.

"आमची चूल एक," पुरेव म्हणाला, "गेर एक, पांघरूण एक. धनुष्य तेवढं वेगळं हवं असं कुठल्या नियमात आहे ते दाखवा, आम्ही मधोमध कापून घेतो."

रांगेतले लोक हसले. लुव्सानही हसला, पण तोंड फिरवून. पुरुष आधी, बायका नंतर, तेव्हा अडचण नाही, असं त्यानं ठरवलं.

पुरेव पंचाहत्तर मीटरवर उभा राहिला. दरवर्षी तो पहिल्या दहा बाणांत शेर असायचा आणि शेवटच्या दहांत मेंढरू. यंदा तिसावा बाण आला तरी खांदा शांत होता. चाळिसावा सुटला तेव्हा तो सहावा आला होता. आयुष्यात तो कधी विसाव्याच्या वर गेला नव्हता. सहावा आल्याबद्दल बक्षीस नसतं. त्यानं पंचांना मिठ्या मारल्या.

मग धनुष्य दुल्माच्या हातात आलं, अजून त्याच्या तळव्यानं गरम. साठ मीटर, वीस बाण. लक्ष्याशेजारी पंच हात वर करून गोल फिरवतात आणि लांबलचक उऊखाई आळवतात. डबा उडाला की आवाज चढतो. पुरेवला तिथं जायची परवानगी नव्हती, पण त्याचा आवाज जात होता. पहिला डबा उडाला आणि पंचांच्या आधी त्याचीच उऊखाई घुमली. सातव्या बाणाला पंचांनी आळवणं सोडून त्याच्याकडे बघितलं. दुल्माला हसू आवरेना, आणि गंमत अशी की हसताना तिचे बाण जास्त सरळ जात होते. अखेरीस ओयुन नावाच्या वीस वर्षांच्या मुलीनं तिला एका डब्यानं मागं टाकलं. दुल्मा दुसरी आली. मानाचं निळं कापड आणि विटेसारखा दाबलेला चहा मिळाला. ओयुननं वाकून तिला विचारलं, मावशी, किती वर्षं शिकताय? दुल्मानं बोटांवर मोजलं आणि पाच आठवडे म्हणाली. मुलीला ती थट्टा वाटली.

जत्रा उठली आणि शिकारीचे दिवस आले. तरवगा चौकस असते हे मी आधी सांगितलंच. तिला मारायची आमच्याकडची जुनी रीत अशी: शिकारी पांढरे कपडे घालतो, डोक्यावर लांब कानांची पांढरी टोपी, हातात याकच्या शेपटीची चवरी, आणि नाचत नाचत बिळाकडे जातो. तरवगा हे काय ध्यान म्हणून उभी राहते नि बघतच बसते. आजवर पुरेव स्वतःच नाचायचा आणि मग घाईनं चवरी टाकून धनुष्य उचलायचा. यंदा त्याची गरज नव्हती. माणसं दोन होती.

पहिल्या सकाळी तो नाचायला लागला. दुल्मा त्याच्या मागं पोटावर सरकत होती. तिनं हा नाच कधी पाहिला नव्हता. शिकारीला बायका जात नसत. हा थोराड माणूस, टोपीचे कान लोंबकळताहेत, कंबर डावीकडे, चवरी उजवीकडे, एक पाय वर, एक उडी, एक गिरकी, आणि तोंडावर पंचांनासुद्धा नसेल असा गंभीरपणा. वीस पावलांवर एक जाडी तरवगा मागच्या पायांवर उभी, पुढचे दोन्ही पंजे छातीशी, तोंड उघडं. दुल्मानं बाण लावला, खेचला, आणि हसू फुटलं. बाण पुरेवच्या दोन पायांमधून गेला. तरवगा शीळ घालून बिळात.

"माझा जीव घेणार होतीस," पुरेव म्हणाला.

"तुम्ही उडी नका मारू ना पण."

दुसऱ्या बिळाशी त्यानं उडी मारली नाही, फक्त कंबर हलवली, आणि ते जास्तच वाईट झालं. दुल्मा गवतात तोंड खुपसून हसली. बाण सुटलाच नाही. तिसऱ्या बिळाशी तिनं डोळे फक्त तरवगेवर ठेवले आणि नवरा नावाची वस्तू जगात नाही असं स्वतःला सांगितलं. दोरी आली, थांबली. बोथट बाण ठक्कन लागला आणि तरवगा आडवी झाली. शेजारच्या बिळातली दुसरी मान उंचावून बघायला लागली, हिला काय झालं म्हणून.

पुरेवनं चवरी खाली टाकली. धाप लागलेली, टोपी एका कानावर आलेली. तो तरवगेकडे गेला नाही. बायकोकडे आला आणि हात पुढं केला.

"दे आता इकडे. माझी पाळी."

"मग नाचणार कोण?"

त्यानं टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. लांब कान तिच्या खांद्यापर्यंत आले. दुल्मानं आजूबाजूला बघितलं. खोऱ्यात मैलभर कुणी नव्हतं. तिनं चवरी उचलली, एक पाय वर केला, आणि पोटात आइरागचा थेंब नसताना दहा वाडगे प्यायल्यासारखी, डोलत डोलत, त्या बघत बसलेल्या तरवगेकडे निघाली. मागं पुरेवनं दोरी खेचली होती आणि त्याचे खांदे हलत होते. धनुष्य जड होतं म्हणून नव्हे.